कागद कुठे अडतो?

“नळी आणि लाकूड यांच्यामधून कागद न अडखळता सरकला पाहिजे,” अंबरनाथचे नेमबाजीचे सर सांगायचे, ते स्वप्नालीला आठवलं. रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड होती आणि पंधरवडाभर तिच्या रायफलचे छर्रे रोज थोडे थोडे डावीकडे सरकत होते. तिने छर्ऱ्यांची डबी बदलली, स्क्रू आवळले, स्वतःचा श्वासही तपासून पाहिला. आज कागद घातला, तर तो मध्येच अडला. नळी सोडवून पाहते, तर खालच्या खाचेत कुंकवात माखलेले तांदळाचे सोळा दाणे चिकटलेले!

“आई, हे काय?”

सासूबाई दारातच थबकल्या. “येकवीस दिस रोज येक अक्षता टाकीन, असं बोललेय गो देवाला. तुझी निवड व्हावी म्हणून.”

“अहो, त्या अक्षतांनीच तर नळी ढकलली!”

“अगो बाय! म्हणजे मीच पाडत होते तुला? आन आता पाच दिस राहिलेत, त्यांचं काय करू?”

स्वप्नालीने खाच पुसली आणि रायफल पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी पहाटे सासूबाईंची पावलं खोलीत आली, पण पेटीपाशी न थांबता स्वप्नालीच्या उशाशी आली. तिने डोळे मिटूनच ठेवले आणि स्वतःच्या कपाळावरचे केस हळूच बाजूला सारले.