गाठींची सुतळी

कामठ्याच्या मंडईच्या जत्रेत तंबूतला सिनेमा आला आणि चार महिन्यांनी पंधरा वर्षांच्या कुंदाला लग्नाआधीच दिवस गेल्याचं कळलं. "सिनेमानंच पोरगी बिघडवली. पुन्हा तंबू लागू द्याचा नाही," पंच परसराम गावसभेत गरजले. सुईण जमुनाबाईनं कमरेची सुतळी सोडून त्यांच्यापुढे टाकली. सोळाच्या आतल्या पोरीचं बाळंतपण केलं, की ती सुतळीला गाठ मारायची. "चाळीस गाठी हायेत, पंचजी. लग्नाच्या, बिनलग्नाच्या, साऱ्या. सिनेमा तं औंदाच आला. पोरीयले कोनी काही सांगत नाही, म्हणून गाठी पडतच राहिल्या." परसरामांच्या बायकोनं, गीताबाईनं, सुतळी उचलली. "यातली माही कोनती, जमुनाबाई?" सुईणीनं गाठ दाखवली. ती गाठ चाचपून गीताबाईनं सभेत बसलेल्या आपल्या तेरा वर्षांच्या लेकीला उठवलं आणि कोपऱ्यातल्या कुंदाशेजारी नेऊन बसवलं. "दोघीले सारं सांग, जमुनाबाई. मलेबी आइकाचं हाये."