जंगल पास झालं

जर्मनीहून आलेली पाहुणी थेट झाडांच्या दाटीत शिरली आणि गवराबाईनं लेकीचा दंड धरला.

"रोहिणे, काय शोधतीया गं ती?"

"गप आई, बघू दे तिला," रोहिणी कुजबुजली.

निघोज्यातल्या कंपनीच्या मागच्या खडकाळ जागेवर हे जंगल मायलेकींनीच उभं केलं होतं. रोहिणी कंपनीच्या बागेची सुपरवायझर. आईला आणि गावातल्या बायकांना हाताशी धरून तिनं करंज, बहावा, शिसव लावले. एका उन्हाळ्यात टँकर यायचा बंद झाला, तेव्हा या बायकांनी डोक्यावरून हंडे वाहून रोपं जगवली. आता तिथं मोर उतरत होते.

पाहुणीच्या कंपनीला गाड्यांचे सुटे भाग हवे होते. पण हवेतला कार्बन कमी करणाऱ्या कारखान्याकडूनच. मोठे साहेब सगळ्यांना म्हणाले होते, "झाडं वाढवायचा शब्द देशानं जगाला दिलाय. आपलं जंगल पास झालं, की ऑर्डर आपलीच!"

पाहुणीनं बुंध्यांना टेप लावून पाहिली. मूठभर माती उचलून हुंगली. मग एका करंजाला चक्क मिठी मारून मोठ्यानं हसली.

"पास!" साहेब ओरडले.

बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. गवराबाईनं तर पाहुणीच्या कपाळाला कुंकू लावून तिच्या गालावरून हात फिरवला आणि कडाकडा बोटं मोडली.

आठवडाभरात ऑर्डर आली. गेटवर पेढे वाटले. साहेब माइकवरून म्हणाले, "आता थांबायचं नाही. विस्तार करायचा! उद्या सकाळी मागच्या जागेवर काम सुरू."

रोहिणीला आनंदानं हुंदकाच फुटला. विस्तार म्हणजे जंगलाचाच, पलीकडच्या मोकळ्या माळावरही! संध्याकाळभर दोघी रोपं निवडत बसल्या.

"कडंला आवळा लावू," गवराबाई म्हणाली.

"आणि मधोमध वड. तुझ्या हातचा."

"व्हय गं! नातवंडं खेळतील त्येच्याखाली."

सकाळी जेसीबी आला, तेव्हा बायका ठेवणीतल्या साड्या नेसून उभ्या होत्या. खड्डे खणायला यंदा मशीन! गवराबाईनं जेसीबीच्या दातांना हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि खोबऱ्याचा तुकडा चालकाच्या हातावर ठेवला.

"दमानं खण रं बाबा. आमच्या झाडांच्या मुळांना धक्का लागू देऊ नगंस."

चालक लातूरकडचा होता. खोबरं हातातच धरून तो गोंधळून म्हणाला,

"मावशी, साहेबांनी तर झाडं मुळासकट काढायला सांगितलंय. मोठी ऑर्डर आलीय म्हणं. नवं शेड इथंच व्हायलंय."