मालनबाईंचे वार

तिसगावच्या मालनबाईंच्या अंगात रक्त उरलं होतं जेमतेम सात, आणि उपवास होते आठवड्याला चार. सोमवार महादेवाचा, मंगळवार मोहट्याच्या देवीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. तेही साबुदाण्याचे लाड नसलेले, नुसत्या कोऱ्या चहावरचे. आशाताई मोनिका लोहाच्या गोळ्या देऊन थकली.

"मावशी, एखादा तरी वार सोडा. अशाने मराल."

"देवाचं हाय, पोरी. कसं सोडू?"

मग साखर कारखान्यात कामाला असलेला नवरा गेल्यापासून अडकलेली पेन्शन चार वर्षांनी सुरू झाली. देवाचा आणि पेन्शनीचा तसा काही संबंध नाही. पण पहिल्याच महिन्यात मारुती सुटला, पुढच्या महिन्यात दत्त, आणि दिवाळीपर्यंत देवी नि महादेवही. आज सोमवारी मोनिकाने त्यांचं बोट टोचून तपासलं, तर रक्त अकरा! तिच्या जिवात जीव आला.

"देव रागावले नाहीत ना, मावशी?"

"त्यांना कुठं इचारलं हुतं?" मालनबाईंनी तव्यावरची भाकरी ताटात टाकली, वर वांग्याचं कालवण वाढलं. "तू सकाळधरनं काय खाल्लंस?"

"चहा घेतलाय. आज माझा सोमवार आहे."

मालनबाईंनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "मानधन कधीपासनं थकलंय?"

"...तीन महिने."

मालनबाईंनी ताट तिच्यापुढे सरकवलं.

"असले सोमवार मी चार वर्सं केल्यात. बस खाली, जेव."