फरशी लाल होते तेव्हा

ओवी दीड वर्षाची झाली तरी चालत नव्हती. डॉक्टरांना पायांत काहीच दोष सापडेना, म्हणून केतकी आज मुलीबरोबर स्वतः सोसायटीच्या बागेत आली. ओवी नेहमीसारखी तिला सांभाळणाऱ्या मंदाताईंच्या कडेवर होती.

"मंदाताई, सोडा तिला खाली. चालू दे जरा."

मंदाताईंनी तिला उलट घट्ट धरलं. "इथं नको, वहिनी."

केतकीने वैतागून ओवीला ओढून घेतलं आणि खाली उभं केलं.

त्याच क्षणी मंदाताईंच्या पायाखालची फरशी लाल झाली. खांबावरच्या स्पीकरमधून आवाज आला, "बाहेरची व्यक्ती विनाकाम उभी आहे." फाटकावरचे गार्ड धावत निघाले.

"मूल अंगावर असेल तरच आम्हाला इथं थांबता येतं," मंदाताई घाईघाईने म्हणाल्या. "नाहीतर रहिवाशाचा हात हातात असावा लागतो. धरा ना, वहिनी!" त्यांनी हात पुढे केला.

तो हात बघून ओवीने त्या दिशेने पहिलं पाऊल टाकलं.

बाकांवरच्या शेजारणी केतकीकडेच बघत होत्या. तिने झटकन ओवीला उचललं आणि पुन्हा मंदाताईंच्या कडेवर दिलं.

फरशी हिरवी झाली.