खेळीमेळीची सभा

सलूनसमोरचं गटार उघडं होतं. गिऱ्हाईक नाकाला रुमाल लावूनच खुर्चीत बसायचं, मग त्याची मिशी कापायची कशी? गटारावर फरश्या टाकायचा ठराव सलूनवाल्याने गल्लीच्या समितीत तीनदा आणला. पण समितीचा नियम असा, की एकाचीही मान आडवी हलली तर ठराव बारगळला. आणि शेजारच्या किराणावाल्या काकांची मान तीनही वेळा हलली, कारण फरश्या टाकायच्या तर त्यांच्या दुकानाची पायरी तोडावी लागणार होती. वर म्हणायचे, "लोकशाही आहे बाबा. ज्याला त्याला मताचं स्वातंत्र्य."

रविवारी सकाळी काका दाढीला आले. समितीतले बाकीचे चौघे बाकावर पेपर वाचत बसलेलेच होते. सलूनवाल्याने काकांच्या तोंडाला भरपूर फेस लावला आणि तिथेच सभा भरवून टाकली. फरश्यांसाठी चौघांचे हात पटापट वर गेले.

मग त्याने वस्तरा अलगद काकांच्या गळ्यावर टेकवला.



"काका, लोकशाही आहे. हरकत असेल तर अगदी मोकळेपणानं मान हलवा."