राखाडी पँट

"माझी पँट दे. घरी जायचंय मला."

दवाखान्यातल्या खाटेवर नुसतं उठून बसण्यानेच बस-ड्रायव्हरला धाप लागली. तरी त्याने हात पुढे केला. बायकोने मांडीवरची पिशवी छातीशी धरली. पिशवीत त्याची राखाडी पँट होती, लग्नातली. तिनेच शिवलेली. तिचं शिवणकामाचं दुकान होतं, आणि नवऱ्याच्या कपड्यांना ती दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसे.

खाटेच्या पायाशी डॉक्टरीण उभी होती.

"काका, ऐका माझं. पायाचा अंगठा काळा पडलाय. आज थांबलात तर पाय वाचवायचा प्रयत्न तरी करता येईल. गेलात तर गुडघ्याखालून कापायची वेळ येईल. तेही तुम्ही वेळेत परत आलात तर."

"एवढंसं तर लागलंय! दुखतसुद्धा नाही."

"दुखत नाही हेच वाईट आहे. साखरेने पाय बधिर झालेत. साखर, रक्तदाब, गुडघे, झोपेत कोंडणारा श्वास, सगळं एकात एक अडकलंय. आणि वजनाने प्रत्येकाला हातभार लावलाय."

"वजन!" तो शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याकडे वळून हसला. "ऐकलंत का, आजोबा? डेपोत मला हिरो म्हणतात, हिरो! बरोबरीच्यांची पोटं स्टिअरिंगला टेकली. मी दर शनिवारी लग्नातली पँट घालून जातो. हे पोट दिसतंय ना, ते गॅसमुळे. तुमचा काटा बिघडलाय, डॉक्टरबाई. पँट कशी बिघडेल?"

"पाय गेल्यावर पँटचं काय लोणचं घालणार का, हिरो?" म्हातारा पुटपुटला.

डॉक्टरीण बायकोकडे वळली. "तुम्ही तरी समजवा. मी पुढच्या खाटा बघून येते."

बायकोने मान खाली घातली. तिची एक मूठ घट्ट मिटलेली होती. देवा, पाय राहू दे. सकाळपासून ती मनात एवढंच घोकत होती. दुसरं मागणं सुचतच नव्हतं.

"अगं, दे की!"

"अहो, आजच्या दिवस थांबा ना."

"तूही त्यांच्यातलीच झालीस? ठीक आहे. असाच जातो, चादर गुंडाळून. बघू दे लोकांना."

त्याने दोन्ही पाय जमिनीवर टेकवले. उजव्या पायाच्या पट्टीवर लाल डाग उमटला आणि पसरत गेला. त्याला पत्ताच नव्हता. तो चपला शोधत होता.

तिने पिशवीतून पँट काढली. पाठोपाठ कात्री. दुकानातून तशीच धावत आली होती ती.

"ए, वेड लागलं का तुला?"

तिने कमरपट्टा उलटा केला, कात्रीचं टोक टाक्यांत घातलं आणि सरसर उसवत गेली. आधी मागची शिवण, मग दोन्ही बाजू. कापडाच्या दोन लांबट पाचरी सुटून चादरीवर पडल्या. राखाडीच.

"हे काय आहे?"

"नवं कापड. रंग जुळेपर्यंत धुऊन धुऊन, उन्हात टाकून विटवलेलं." तिचा आवाज चिरकला. "आधी शिवणीत दुमडलेलं होतं नव्हतं ते कापड सोडवलं. ते संपलं तेव्हा हे जोडलं. पहिल्यांदा बटण लागेना तेव्हा तुम्ही आरशासमोर श्वास कोंडून उभे होतात. चेहरा एवढासा झाला होता. मला बघवलं नाही हो. तुम्ही ड्यूटीवर गेल्यावर मी ती सैल केली. मग घालून बघितलीत आणि मला उचलून गरकन फिरवलंत. मग करतच राहिले मी. डॉक्टर काही बोलले की तुम्ही पँटचा दाखला द्यायचात, आणि मी खाली मान घालून बसायची. काटा बिघडला नव्हता. पँट मी बिघडवली."

तिने मूठ उघडली. तळव्यावर पँटच्या कमरेचा लोखंडी हूक होता, ताणाने वाकडा झालेला.

"शनिवारी हा उखडला आणि पँटमधून घसरून बुटात पडला. वरून पट्टा होता म्हणून तुम्हाला कळलं नाही. आज तुमचा बूट झटकला तेव्हा सापडला. त्या दिवशी दिवसभर यावर पाय दाबून गाडी चालवलीत तुम्ही."

आता तो ओरडेल, असं तिला वाटलं. पलीकडच्या म्हाताऱ्याने तर भिंतीकडे तोंड केलं.

तो ओरडला नाही. त्याने हूक उचलला, वाकून पायाच्या पट्टीवरचा लाल डाग बघितला. बराच वेळ बघितला. मग पँट हातात घेतली. दर वेळी उसवलेल्या शिवणीने कापडावर सुईच्या भोकांची एक ओळ मागे ठेवली होती. ओळीपलीकडे ओळ. त्याच्या हाताचा अंगठा सावकाश एकेक ओळ ओलांडत आत गेला आणि शेवटच्या ओळीवर थांबला.

"ही लग्नातली?"

तिने मान डोलावली.

तो खाटेवर आडवा झाला. पाय उचलून वर घ्यायलाही त्याला तिची मदत लागली.

"डॉक्टरबाईंना बोलव," तो म्हणाला. "आणि ही पँट टाकू नकोस. एक पाय गेलाच, तर तेवढी बाजू वर दुमडून घे. कंबर मात्र पुन्हा याच ओळीवर आणायची."