कोंडाबाईचा कोंबडा

गावालगतच्या नव्या फ्लॅटांच्या सोसायटीच्या सेक्रेटरीनं ग्रामसभेत मोबाइल उंच धरला आन् कोंबड्याचं आरवणं सगळ्यांना ऐकवलं. "रोज पहाटे चार वाजता. झोपायचं कसं?"

आंधळी कोंडाबाई उठली. "त्यो आरवला की मला उजाडल्यालं कळतं, बाबा. आन् तुमी गाव बघूनच राह्यला आला न्हवं?"

"गाव पाहिजेच, आजी. पण आठनंतर."

लोक हसले. कोंबडा नको म्हणून हात वर झाले. फ्लॅटवाले आमच्या दुप्पट, तरी गावातलेही चार हात वर गेले. माझी सून तिकडं धुणीभांडी करते, म्हणून एक माझा.

रविवारी सोसायटीत गावरान जेवण होतं. त्याच कोंबड्याचा रस्सा कोंडाबाईकडनंच करून घेतला. लोकांनी बोटं चाटली.

सोमवारी आठाला गेटवरच्या स्पीकरमधनं कोंबडा आरवला. गावपण टिकावं म्हणून सेक्रेटरीनं तेच रेकॉर्डिंग लावलं होतं.

कोंडाबाई दारात दाणे घेऊन हाका मारत होती. तिच्या तिन्ही कोंबड्या गेटवर स्पीकरच्या खांबाखाली माना वर करून उभ्या.

"कुठं गेल्या रं?" तिनं मला विचारलं.

"येतील की," म्हणालो.